बा

शाळा दोन, मैदान एक.
मधल्या भिंतीला पावसानं पाडलेलं भगदाड,
पोरांनी मोठं केलेलं
आणि दोन्ही हेडमास्तरांनी
‘दुरुस्तीचं पत्र दिलंय’ म्हणत तसंच ठेवलेलं.

मी शनिवारी पहिल्या एसटीनं
संकेश्वरच्या स्टँडवर उतरायची.
पिशवीत घुंगरांची जोडी, बिस्किटांचा रिकामा डबा
आणि चार शब्दांचं कन्नड:
नीर, ऊटा, साकु, बस.
चौथा माझाच होता, पण तिथं चालायचा.

पहिल्या दिवशी पोरं दोन ढिगांत बसली.
इकडं मराठी, तिकडं कन्नड,
मधे मिरच्या वाळत घालता येतील एवढी जागा.
मी सांगायला लागले तर
अर्धी पोरं हसली,
उरलेली अर्धी, हसणाऱ्यांकडं बघून हसली.

मग मी बोलणंच सोडलं.
डबा पालथा घातला, वाजवला.
दोन पावलं पुढं, एक मागं, टाच.
दोन पावलं पुढं, एक मागं, टाच.
टाचेचा अर्थ कुणी विचारला नाही.
धूळ एवढी उठली की भात शिजवणाऱ्या कलव्वानं
पातेल्यावर झाकण आपटलं, शिव्या दिल्या,
कुठल्या भाषेत ते आठवत नाही.
सगळ्यांना कळल्या.

नाटक साधंच.
रेडकू हरवतं, पोरगी शोधते, सापडतं.
रेडकू व्हायला दस्तगीर आधीपासून गुडघ्यांवर,
कमरेला काथ्याची शेपटी.
शोधणारी दानेश्वरी.
समरजितला मी झाड केलं,
कारण तो बोलत नव्हता. मराठीतसुद्धा.
झाडानं हलायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं.
तो हलला नाही.
पोटरीवर मुंगळा चढला, तरी नाही.

दानेश्वरीनं तोंडाशी ओंजळ धरली
आणि रेडकाला हाक मारली,
“बा! बाऽ!”

झाड वळलं.
आधी मान, मग अख्खं,
हातांतल्या लिंबाच्या डहाळ्यांसकट
फाटकाकडं पळत सुटलं.

फाटकात कुणी नव्हतं.
एक सायकल होती, तीही पंक्चर.

त्याचा बा गौरीच्या आधी
ट्रक घेऊन गोव्याकडं गेलेला.
हे मला कलव्वानं नंतर सांगितलं,
दानेश्वरीला कुणीच काही सांगितलं नाही.
तिला वाटलं, आपण रेडकाला ये म्हटलं
तर झाडच निघालं, तेही भलत्याच दिशेला.
ती त्याच्यामागं गेली, समोर उभी राहिली,
तळवा स्वतःकडं वळवला
आणि तान्ह्याला निजवताना बोलतात
तेवढं हळू म्हणाली, बा.

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं,
मग तळव्याकडं.
बराच वेळ.
दुकानदार फाटकी नोट उजेडात धरतो,
तसा त्यानं तो शब्द धरला असावा.
मग आला.

सव्वीस जानेवारीला झेंडे दोनदा चढले,
दहा मिनिटांच्या फरकानं.
नाटक एकदाच.
अर्ध्यात आलं, आणि फाटकाशी एक माणूस दिसला.
गळ्यात मफलर, हातात काजूची पिशवी,
खुर्च्यांचेही दोन ढीग बघत
आपण कुठं बसायचं याचा हिशेब करत थांबलेला.

झाडाला तो माझ्याआधी दिसला.
झाड हललं नाही,
शिकवलेलं होतं त्याच्या लक्षात.
फक्त एक फांदी उचलली, तळवा आत वळवून,
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा
मी त्याचा आवाज ऐकला:
“बा, बा.”

एक त्याचा होता, एक तिचा.
कुठला पुढं, कुठला मागं,
मला नाही सांगता येणार.
माणसानं चपला काढल्या, देवळात काढतात तशा,
आणि आत आला.

त्याच्याही आधी, गुडघ्यांवर, धूळ उडवत
शेपटी सावरत पोचला दस्तगीर,
ज्याची एंट्री अजून बरीच लांब होती.